जुना किमोनो आधी उलटा करा

क्योतोला तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या 21 तारखेला बाजार भरतो आणि 25 ला कितानो तेनमान्गू देवळात. दोन्हीकडे जुन्या किमोनोंचे ढीग असतात, म्हणजे खरोखरचे ढीग, ताडपत्रीवर ओतलेले, वर पाटी, कुठलाही घ्या हजार येन. नवीन रेशमी किमोनो शिवून घ्यायचा म्हटलं तर लाखात येन जातात, त्यामुळे हा ढीग बघून डोकं फिरतंच. नवखी बाई रंगावर जाते. मुरलेल्या बायका मात्र वांगी घेताना देठ बघावा तसा किमोनो उचलला की आधी उलटा करतात, आतून बघतात, मग घ्यायचा की नाही ते ठरवतात, आणि माझ्या मते ज्यांना जुना किमोनो घ्यायचाय त्यांनी एवढं एकच शिकलं तरी पुरे.

आत काय बघायचं? अस्तर. लालभडक रेशमी अस्तर निघालं तर किमोनो बराच जुना, बहुतेक दुसऱ्या महायुद्धाआधीचा. दिसतो झकास, पण तो लाल रंग पाण्याला किंवा घामाला सुटतो आणि बाहेरच्या फिक्या कापडावर उतरतो, की संपलं. मग बसायची जागा उजेडात धरून बघायची, कारण जुनं रेशीम तिथेच विरतं, आणि दुकानात धड वाटलेला किमोनो ट्रेनच्या सीटवर बसताना टर्रकन आवाज करतो. काठाला आणि बाहीला पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके तसेच असतील तर समजायचं की कुणी घडीच मोडलेली नाही. कुणीतरी मुलीच्या लग्नात दिलेला असणार, तिने कपाटात जपून ठेवला असणार, आणि आता घर रिकामं करताना सगळं वजनावर गेलं. ते टाके नेसायच्या आधी उसवायचे, फक्त काही समारंभी किमोनोंवर बारीक टाके मुद्दाम कायमचे घातलेले असतात, ते आपण हुशारीने उसवू नयेत.

आणि सगळ्यात महत्त्वाची शिवण. किमोनोचं ठाण साधारण 36-38 सेंटिमीटर रुंद आणि 12 मीटरच्या आसपास लांब, त्याचे सरळ पट्टे कापायचे आणि सरळच जोडायचे, गोलाई जवळजवळ नाहीच. जास्तीचं कापड कापून टाकत नाहीत, शिवणीत दुमडून आत ठेवतात. म्हणून अख्खा किमोनो उसवून, तुकडे परत जोडून ठाण करून, धुऊन, ताणून वाळवून दुसऱ्या मापाचा शिवता येतो, याला आराईहारी म्हणतात. जुन्या किमोनोचं खरं दुखणं म्हणजे युकी, मानेच्या मागच्या मध्यापासून मनगटापर्यंतचं माप. आधीची मालकीण लहानखुरी असली की आपलं मनगट वीतभर बाहेर. खांद्याच्या शिवणीत कापड शिल्लक असेल तर बाही वाढवता येते, पण दुमडीतला रंग ताजा आणि बाहेरचा उडालेला, म्हणजे खांद्यावर गडद पट्टा उमटतोच. मला तो पट्टा चालतो. कपडा जुना आहे तर जुना दिसू दे ना.

माझा जीव मेइसेनवर. ताइशो आणि सुरुवातीच्या शोवा काळातलं, म्हणजे साधारण 1910 ते 1930च्या दशकांतलं हे रेशीम, इसेसाकी, चिचिबू, आशिकागा या गावांचं. विणायच्या आधी धाग्यावरच नक्षी रंगवलेली, त्यामुळे फुलांच्या कडा जराशा हललेल्या दिसतात, आणि नक्षी तरी काय, भले मोठे गुलाब, वाकडेतिकडे चौकोन, जांभळ्याशेजारी सरळ पोपटी. तेव्हा हा पोरीबाळींचा बाहेर जायचा कपडा होता, आजही कितीही महाग मिळाला तरी लग्नाला चालत नाही.

नेसायचे नियम ढीगभर आहेत. डावा पदर उजव्यावर, हा मात्र मोडायचाच नाही, कारण उलटा फक्त मृताला नेसवतात. बाकी ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबर बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्ट जाळीदार, हे हल्लीच्या उकाड्यात कोण तंतोतंत पाळतंय. तरी स्टेशनवर एखादी आजी न विचारता मागून येते आणि ओबीची, म्हणजे कमरेच्या पट्ट्याची, गाठ सरळ करून जाते, अशांना इथे किमोनो पोलीस म्हणतात. पोरं वैतागतात. मला तर हायसं वाटतं, पाठीमागचं आपल्याला कुठे दिसतंय!

निगा म्हणजे मुख्यतः धुवायचा नाही. आल्यावर लगेच घडी घालायची नाही, रात्रभर हँगरवर टांगायचा, दमटपणा जाऊ द्यायचा. मान मळते म्हणून आतल्या वस्त्राला वेगळी कॉलर टाचतात, ती उसवून धुवायची, म्हणजे वरचा किमोनो वाचतो. मग तातोशी नावाच्या, किमोनो ठेवायच्या कागदात गुंडाळून सपाट ठेवायचा आणि कोरड्या हवेत अधूनमधून सावलीत वारं द्यायचं, पैठणीला देतो तसंच. आई फोनवर सांगते कापूर ठेव, शेजारीण डांबर गोळ्या देते. दोन्ही एकत्र ठेवू नका, वितळून डाग पडतात, आणि जरीला त्यांचा स्पर्शही नको. सुकी धुलाई करायला द्यावी तर हजार येनच्या किमोनोला कित्येक पट बिल, आणि दुकानदार कापड बघून वर विचारतो, नक्की करायचंय ना?

जूनच्या पावसात मी तो रेशमी पसारा काढतच नाही. क्रेप भिजला की आक्रसतो. पॉलिएस्टरचा एक आहे, मशीनमध्ये टाकायचा, तासाभरात वाळतो, आणि आजींनी नाक मुरडलं तर मुरडू दे.