आईच्या मणक्यातला कॅन्सर: एमआरआय ते रेडिएशन

आईच्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार ६ वर्षांपूर्वी संपले होते. त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा सगळे म्हणाले, वयाची झीज. पण झिजेच्या दुखण्याला आडवं झालं की बरं वाटतं. हिचं आडवं झाल्यावर वाढायचं, रात्री उठून बसावं लागायचं. आधी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाचं असं दुखणं बाम-पट्ट्यांवर काढू नये.

एक्स-रे नॉर्मल आला, पण त्यावर विसंबू नका. मणक्यातलं हाड जवळजवळ निम्मं पोखरलं जाईपर्यंत एक्स-रेत काही दिसत नाही. एमआरआयही नुसत्या कमरेचा नको, मानेपासून माकडहाडापर्यंत पूर्ण मणक्याचा करा. आईला दुखायचं कमरेत आणि मुख्य गाठ निघाली पाठीच्या १० व्या मणक्यात, शिवाय आणखी दोन ठिकाणी. कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) द्यायचं असल्याने क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर हेलपाटा पडतो.

बायोप्सीबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण चूक इथेच होते. आपल्याकडे मणक्याचा टीबी खूप. साधारणपणे टीबी दोन मणक्यांमधली चकती खातो, कॅन्सर ती सोडून देतो. पण नुसत्या फोटोवरून खात्री धरता येत नाही. सीटी पाहत सुईने तुकडा काढतात, तो दोन बाटल्यांत जायला हवा: पॅथॉलॉजीसाठी फॉर्मेलिनमध्ये, टीबीच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) सलाइनमध्ये. सगळाच फॉर्मेलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. दुसरं म्हणजे ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-२ (पेशींवरचं एक प्रथिन) पुन्हा तपासून घ्या. पसरलेल्या गाठीत ते बदललेले असू शकतात आणि पुढचं औषध त्यावरच ठरतं. लॅबमध्ये तुकड्यातलं हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर हे रिपोर्ट खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरता येईल का, हे लॅबला आधीच विचारावं.

रेडिएशनआधी स्पाइन सर्जनचं मत घेतलं. मणका किती डळमळीत आहे याला १८ पैकी गुण देतात. ६ पर्यंत स्थिर, १३ पासून पुढे अस्थिर, मधले काठावरचे. आईचे ५ आले, म्हणून स्क्रू-रॉड बसवायचं ऑपरेशन टळलं. मज्जारज्जूवर थोडा दाब होता, त्यामुळे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं. ते सकाळी आणि दुपारीच द्यायचं, संध्याकाळच्या डोसाने झोप उडते. साखर चढते, पोटासाठी गोळी लागते, आणि ते एकदम बंद करायचं नाही, उतरवत न्यायचं.

रेडिएशनचा शेक ५ दिवसांचा, एकूण २० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसाचं माप). पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणं वाढलं. हे होऊ शकतं, उपचार सोडू नका. आराम पडायला दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर मॉर्फिन, आणि त्यासोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. पाय जड वाटले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर ओपीडीची तारीख बघू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या. उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचंच चालणं टिकण्याची शक्यता जास्त असते.

हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड ४ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटांत शिरेतून. त्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या. किडलेली दाढ काढायची असेल तर आधीच काढा आणि जखम भरू द्या. इंजेक्शननंतर काढली तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो.