आजोबांचा गुडघा आणि स्पिटफायर

पैसे भरून हौसेने आलेल्या माणसाला उडायच्या आधी नीट घाबरवायचं, हे माझं काम. पदाचं नाव अर्थातच याहून सभ्य आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यात हेडकॉर्न म्हणून गवताच्या धावपट्टीचं एक लहानसं विमानतळ आहे. उन्हाळ्यात तिथून दोन आसनी स्पिटफायरमधून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानातून, लोकांना डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांपर्यंत नेऊन आणतात. अर्ध्या तासाला तीन हजार पौंडांच्या आसपास पडतात. वैमानिक विमान उडवतो, इंजिनीयर ते उडण्याजोगं ठेवतात आणि मी प्रवाशाला समोर बसवून सांगते, की तुम्ही ज्या विमानाने सुट्टीला जाता त्या जातीचं हे विमान नव्हे.

ही जुनी लढाऊ विमानं ‘परमिट टू फ्लाय’वर उडतात. प्रवासी विमानाला लागतं ते प्रमाणपत्र त्यांना मिळणं शक्यच नाही, कारण ती बनवणाऱ्याच्या डोक्यात प्रवासी नव्हताच. म्हणून ब्रिटनच्या नागरी हवाई प्राधिकरणाने, सीएएने, एक वाट काढून दिली आहे : धोका काय तो प्रवाशाला स्पष्ट सांगा, त्याला तो कळला असेल तर सही घ्या, मगच बसवा. मी आडपडदा ठेवत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरांत युंकर्स ५२ जातीचं एक जुनं विमान कोसळलं, आतले वीसच्या वीस जण गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटला ‘नाइन-ओ-नाइन’ नावाचं बी-१७ बॉम्बर उतरताना आपटलं, तेरा जणांतले सात गेले. दोन्हींत हौसेने तिकीट काढून बसलेली माणसं होती. हे ऐकताना बहुतेकांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे लागलेली असते, कारण माझ्या पाठीमागच्या खिडकीतून विमान दिसतं. तोवर अंगात फ्लाइंग सूट चढलेला असतो, फोटो काढून झालेले असतात. सूट चढवलेला माणूस ‘नाही’ म्हणत नाही, हे या नोकरीत पहिल्या मोसमातच कळतं.

त्या दिवशी समोर मराठी कुटुंब होतं. लंडनजवळच्या स्लाऊहून आलेलं. ब्याऐंशी वर्षांचे आजोबा, पन्नाशीची मुलगी आणि तिची कॉलेजात शिकणारी लेक. उड्डाण म्हणजे मुलीने वडिलांना दिलेली वाढदिवसाची भेट. माझ्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव वाचून ताईंचा चेहरा खुलला.

“अगंबाई! कुठल्या तुम्ही?”

“नाशिकची.”

“मग झालंच की काम. बाबांना तुम्हीच मराठीत सांगा. पण थोडक्यात हं. ते अपघाताबिपघाताचं नको, उगाच टेन्शन घेतील.”

असं सांगणारे नातेवाईक मला नवे नाहीत. इंग्रजही सांगतात, जरा आडवळणाने. भेट देणाऱ्याला भेट पार पडलेली हवी असते. त्यामुळे ज्याचा जीव, तो सोडून बाकी सगळ्यांना सहीची घाई. मी म्हटलं, “ताई, यात थोडक्यात काही नसतं.” त्या काही बोलणार तेवढ्यात आजोबाच म्हणाले, “पूर्ण सांग, पोरी. आणि खुर्ची ओढून बसून सांग. उभ्या उभ्या सांगितलेलं कोणी ऐकत नाही.”

त्या सुरावरूनच ओळखायला हवं होतं. साताऱ्याकडचे, हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. विशीच्या आतच भरती झाले आणि बंगळुरूजवळ जलाहळ्ळीला तांत्रिक प्रशिक्षणाला गेले. तिथे शिकाऊ पोरांनी उघडायची, जोडायची म्हणून सेवेतून काढलेली स्पिटफायर ठेवलेली होती. “पंख कितीदा सोडवला असेल त्याला गणती नाही,” ते म्हणाले, “पण इंजिन चालू झालेलं एकदाही पाहिलं नाही.” जगात स्पिटफायर वीस हजारांवर बनली, पण दोन आसनी म्हणून युद्धानंतर बदलून विकली गेली ती जेमतेम वीस, आणि त्यांतली दहा भारतीय हवाई दलाने घेतली होती. हे मी भारतीय पाहुण्यांना हमखास सांगते. त्यांच्या चेहऱ्यावर जरा मालकी हक्क येतो. पुढे सत्तरच्या दशकात भारतातली बरीच स्पिटफायर एका हौशी वैमानिकाने विकत घेऊन इंग्लंडला आणली. आज इथे उडणाऱ्यांत त्यांतलीही काही आहेत.

मी सगळं सांगितलं. परमिट म्हणजे काय, एकच इंजिन आहे म्हणजे काय, ते बंद पडलं तर वैमानिक शेत बघेल, आग लागली तर पॅराशूट, समुद्रावर असलो तर लाइफ जॅकेट. ते मध्ये बोलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं ते आजवर मला कुठल्याच प्रवाशाने विचारलं नव्हतं : “आज सकाळी या विमानावर सही कोणी केली?”

विमान उडायच्या आधी ज्याने त्याने आपापलं काम तपासून सही करायची, शेवटी वैमानिकाने सही करून विमान ताब्यात घ्यायचं, ही शिस्त ब्रिटिश हवाई दलाच्या ‘फॉर्म ७००’ची. तीच आपल्याकडे आली. आजोबांनी आयुष्यभर त्या फॉर्मवर सह्या केलेल्या. मी त्यांना हँगरमध्ये आमच्या इंजिनीयरकडे नेलं. तिशीतला पोरगा, हात तेलाचे. त्याने नोंदवही पुढे धरली. आजोबांनी खिशातून चष्मा काढून ती वाचली, एका नोंदीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं, त्यानेही मान डोलावत उत्तर दिलं. एकाचं इंग्रजी सातारी, दुसऱ्याचं केंटचं, आणि मधल्या पाइपांची, झडपांची नावं दोघांची एकच. मला त्यांतलं निम्मं कळलं. मग आजोबा म्हणाले, “आण कागद.” आणि सही केली.

माझ्या दृष्टीने एवढ्या समजून केलेली सही या ऑफिसात क्वचितच झाली असेल. पण कागद झाला म्हणजे काम झालं असं नसतं. त्यानंतर असतो बाहेर पडण्याचा सराव. विमान जमिनीवर उभं, इंजिन बंद, प्रवाशाला मागच्या आसनात पट्ट्यांनी बांधायचं आणि सांगायचं : आता कुणाच्या मदतीशिवाय बाहेर या. यात खरी गोम बकलांची आहे. आसनाचे पट्टे वेगळे, पॅराशूटचे वेगळे. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते सगळं सोडतो आणि पॅराशूट आसनातच ठेवून बाहेर पडायला बघतो.

आजोबांनी पहिल्याच वेळी अचूक बकल सोडलं. न बघता. “व्हँपायरला इजेक्शन सीट नव्हती,” ते म्हणाले. व्हँपायर म्हणजे आपल्या हवाई दलाचं जुनं जेट लढाऊ विमान, आणि इजेक्शन सीट म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची. “पायलटचे पट्टे आम्हीच आवळायचो. कुठलं आधी, कुठलं नंतर, बोटांना ठाऊक आहे.”

पण उठता येईना. स्पिटफायरच्या आसनात माणूस खोल बसतो. उठायचं म्हणजे दोन्ही हात काठावर दाबून अंग वर खेचायचं आणि पाय दुमडून बाहेर काढायचा. उजवा गुडघा दुमडायला तयार नव्हता. बसवतानाच पंखावर दोघांना हात द्यावा लागला होता, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. त्यांनी दम घेतला, पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम. शेजारी उभ्या वैमानिकाने माझ्याकडे पाहिलं. या टप्प्यावर तो काही बोलत नाही. नकार मी द्यायचा, त्याने पाठीशी राहायचं, असं आमचं ठरलेलं आहे.

मी तोंड उघडण्याआधी आजोबांनीच विचारलं, “मला इथून काढायला किती माणसं लागतील?”

“दोन.”

“वर दोन माणसं मिळणार नाहीत. उतरवा मला.”

ताईंना हे मुळीच पटलं नाही. त्यांचा आवाज चढला. हवा स्वच्छ आहे, विमान ठीक आहे, सही झाली आहे, मग अडलं कुठे? रोज उठून विमानं पडतात का? आणि मग ते वाक्य, ज्याची मी वाटच पाहत होते : “तुम्ही आपल्या असून असं करता?” आपली असल्यामुळे मी त्यांच्या वडिलांना समुद्रावर अडकवून ठेवायचं, असा त्याचा अर्थ होतो, पण गिऱ्हाइकाला असं बोलता येत नाही. मी सांगितलं, की जागा घरातल्या दुसऱ्या सज्ञान माणसाला देता येईल किंवा पैसे परत मिळतील.

“नात जाईल,” आजोबा म्हणाले. नातीने एका सेकंदात हो म्हटलं.

आणि तिथून पुढचा तास मी विसरणार नाही. सही काही एकाची दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सुरू. तेच टेबल, तोच कागद, त्याच खुर्च्या. फक्त आता ताई माझ्या शेजारी सरकून बसल्या होत्या आणि कागद त्यांच्या हातात होता. ओळीखाली बोट ठेवून वाचत होत्या. परमिट म्हणजे नक्की काय? दर वर्षी तपासतात का? पॅराशूट शेवटचं कधी उघडून घडी घातलं? वैमानिकाचा अनुभव किती? ते स्वित्झर्लंडचं काय म्हणालात मघाशी, ते परत सांगा. अर्ध्या तासापूर्वी हेच सगळं त्यांना ‘अपघाताबिपघाताचं’ वाटत होतं. मला हसू आलं नाही. एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेले. खरं तर प्रत्येक प्रवाशाच्या शेजारी अशी एक आई बसवायला हवी.

“आई,” लेक शेवटी म्हणाली, “सही मला करायचीय.”

“करशील गं. मला वाचू तर दे.”

सरावात पोरीने पहिल्या फेरीत दोन्ही बकलं सोडली. पॅराशूट आसनात, ती बाहेर. ताईंनी ते पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. दुसऱ्या वेळी बरोबर केलं. आजोबांनी खालून ओरडून तिसऱ्यांदा करायला लावलं, मग चौथ्यांदा डोळे मिटून. वैमानिकाला हे फार आवडलं.

स्पिटफायरचं मर्लिन इंजिन सुरू होतं तेव्हा आधी एक्झॉस्टमधून निळा धूर येतो, एखाददुसरी ज्वाळा दिसते, मग बाराही सिलिंडर लागतात आणि पायाखालचं गवत मागे झोपतं. मी हे रोज पाहते, तरी हातातलं काम थांबतं. ताईंनी ज्वाळा पाहून माझं मनगट धरलं. आजोबा मात्र कान देऊन ऐकत होते. विमान नागमोडी जायला लागलं तसं ते लेकीला समजावू लागले, की लांब नाकामुळे वैमानिकाला समोरचं दिसत नाही, म्हणून असं डावी-उजवीकडे वळत जावं लागतं. जमिनीवर रेडिएटरला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून फार रेंगाळता येत नाही, इंजिन तापतं. “आता लगेच उचलेल बघ.” उचललं.

मग वाट पाहणं. बाकावर बसल्यावर ते सहज सांगावं तसं बोलले. १९६५च्या ऑगस्टअखेर त्यांची पंचेचाळीस क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्याहून पठाणकोटला हलवली. पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि १ सप्टेंबरच्या संध्याकाळी व्हँपायर जम्मूच्या सीमेवर छांबला पाठवली, ती विमानं तेव्हाच जुनाट झालेली. चार परत आली नाहीत. आपण पट्टे बांधलेलं विमान त्यांत होतं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. “आमचं काम सही करून खाली थांबायचं,” एवढं म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. ताई हे पहिल्यांदाच ऐकत असाव्यात.

पोरगी वेळेवर परतली. केस विस्कटलेले, तोंड बंद होईना. फ्रान्स दिसला, कडे दिसले, विमान उलटं केलं, आई तू उगाच घाबरलीस. आजोबांचा एकच प्रश्न होता, इंजिनचं तापमान किती होतं? तिने काट्याकडे पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी वैमानिकालाच गाठलं, आणि त्या दोघांचं उरकेपर्यंत माझा पुढचा प्रवासी सूट घालून ताटकळला होता.

आठवड्याभराने ताईंचा मेल आला. तक्रारच होती आणि रास्त होती : उठण्याची ही अट पैसे घेताना का सांगत नाही? आता सांगतो. बुकिंगच्या फोनवरच मी विचारते, की रिकाम्या बाथटबमध्ये पाय पसरून बसलात तर कुणाचा हात न धरता बाहेर येता का? आधी करून बघा, मग पैसे भरा. आणि सूट आता सहीनंतरच देतो. मेलच्या शेवटी आणखी दोन ओळी होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला कित्येक वर्षं नाही म्हणणारे बाबा आता तयार झाले आहेत. पुढच्या मोसमाच्या तारखा कळवाव्यात.