वेणी आणि केस

न्यू जर्सीत एका वकिलाकडे पॅरालीगल आहे मी, आणि आमच्याकडे निम्म्या केसेस सिर्वाच्या, म्हणजे लस दंडात जरा जास्तच वर टोचली की सुई सांध्यापाशी जाते, सूज येते आणि खांदा धरतो तो धरतोच. मार्च 2017 पासून हे लशीमुळे होणाऱ्या दुखापतींच्या सरकारी टेबलमध्ये, म्हणजे यादीत, आहे, त्यात बसलं तर भरपाई मिळणं सोपं, पण दुखणं 48 तासांच्या आत सुरू झालेलं पाहिजे, सहा महिन्यांच्या वर टिकलेलं पाहिजे, आणि केस तीन वर्षांच्या आत टाकायची.

एक काकू आल्या, शनिवारी दुपारी चारला फार्मसीत फ्लूची लस घेतलेली. पहिलाच प्रश्न, "अगं, त्या सुई देणाऱ्या पोरीची नोकरी नाही ना जाणार?" म्हटलं काकू, केस तिच्यावर नसतेच, आरोग्य खात्याच्या सेक्रेटरीवर असते, वॉशिंग्टनच्या फेडरल क्लेम्स कोर्टात, आणि पैसे लशींवरच्या टॅक्सच्या फंडातून येतात, फ्लूच्या डोसमागे 75 सेंट. वकिलाची फीपण तिथूनच. मग कुठे त्या नीट टेकून बसल्या.

घोळ रेकॉर्डमध्ये होता. लसीनंतर तीन आठवड्यांनी बीपीसाठी डॉक्टरकडे गेल्या आणि खांद्याबद्दल अवाक्षर नाही (आपल्या बायकांचं हे नेहमीचंच, "होईल बरं"). खांद्याची पहिली नोंद थेट दोन महिन्यांनी. सरकारी वकील यावरच बोट ठेवणार. काकूंचा जुना फोन गेलेला, पण कोल्हापूरच्या बहिणीने व्हॉट्सॲपवरचं काहीच कधी डिलीट केलं नव्हतं, तिने स्क्रीनशॉट पाठवला: "हात वर होईना, वेणी घालता येईना."

वेळ सोमवार रात्री 8:10. मी बोटं मोजली, 52 तास. पोटात गोळाच आला. अर्धा तास तशीच बसले आणि मग ट्यूब पेटली, अगं फोन कोल्हापूरचा! ऑक्टोबरमध्ये साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे इथे सोमवार सकाळ 10:40, 43 ताससुद्धा झालेले नाहीत.

भाषांतर, त्याचं सर्टिफिकेट, बहिणीचं ॲफिडेव्हिट, वेळेचा हिशोब, सगळं जोडलं. "होईना"चं इंग्रजी करताना जीव गेला ते वेगळंच. काही महिन्यांनी सरकारचा रिपोर्ट आला, 48 तासांचा मुद्दा मान्य.

लगेच फोन लावला, म्हटलं काकू, केसचं काम झालं!

"केस तर मी कधीच कापले गं, रोज वेणी कोण घालून देणार."