भरतीला की ओहोटीला?

न्यू जर्सीत राहणारी आपली माणसं मला फोन करून हमखास एकच प्रश्न विचारतात: "डेलावेअर नदीवर चॅनेल कॅटफिश हा मासा गळाने गरवायला यायचंय. भरतीला येऊ की ओहोटीला?" दरवेळी फोनवर अर्धवट सांगून होतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

ओहोटीला या. भरती पूर्ण होऊन पाणी मागे फिरलं की पहिले दोन-अडीच तास, आणि तेही एखाद्या ओढ्याच्या तोंडाशी. मी बोर्डेनटाऊनला बसतो. तिथे क्रॉसविक्स क्रीक डेलावेअरला मिळते आणि तिच्या दोन्ही अंगांना दलदल आहे, गवताने भरलेली. भरतीला पाणी त्या गवतात शिरतं आणि ओहोटीला बाहेर पडताना किडे, गांडुळं, बोटाएवढी मासळी घेऊन येतं. कॅटफिशला त्यामागे धावावं लागत नाही. उथळ भाग संपून नदीची खोल धार सुरू होते त्या कडेला तो तळाशी थांबतो आणि ताट त्याच्यासमोर येतं. म्हणून गळ नदीच्या मध्यात लांब भिरकावू नका. त्या कडेवर टाका.

इथे समुद्र सुमारे २०० किलोमीटर दूर आहे आणि पाणी पूर्ण गोडं. तरीही नदी दिवसातून दोनदा चढते-उतरते, थेट ट्रेंटनच्या खडकाळ उतारापर्यंत. ट्रेंटनजवळ भरती-ओहोटीतला फरक सुमारे ८ फूट असतो, खाली समुद्राजवळ, डेलावेअर उपसागराच्या मुखाशी तो साधारण निम्मा. नदी वर निमुळती होत जाते, त्यामुळे आत शिरलेलं पाणी दाटतं आणि उंच चढतं. पहिल्यांदा येणाऱ्याला हे पटत नाही. तो काठावर डबा ठेवतो आणि तासाभराने डबा पाण्यात असतो.

मी रत्नागिरीचा. भाट्याच्या खाडीवर आजोबांबरोबर गरवायला जायचो. त्यांचा हिशोब तिथीचा: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. बोर्डेनटाऊनला तो तास जुळत नाही, कारण समुद्रातली भरती इथवर चढून यायला कितीतरी तास घेते. इथे छापील वेळापत्रकच बघावं लागतं. पण आज ज्या वेळेला भरती आली त्याच्या पाऊण तासाहून थोडी उशिरा ती उद्या येणार, हे तिथेही खरं आणि इथेही. चंद्र एकच आहे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उतार, हेही तसंच. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं ओढतं की १०० ग्रॅमचं शिसंही तळाला ठरत नाही. नवीन माणसाने भांगाच्या दिवसांत यावं.

आजोबांची दुसरी गोष्ट मला इथे जास्त उपयोगी पडली. पाणी थांबलं की ते दोरी गुंडाळून घ्यायचे. थांबलेल्या पाण्यात मासा तोंड उघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा आळसाचं वाटायचं. चॅनेल कॅटफिशला तोंडाभोवती आठ मिशा असतात, अंगावर खवलं नसतात आणि चव ओळखणाऱ्या पेशी कातडीभर पसरलेल्या असतात. गढूळ पाण्यात तो वास आणि चवीच्या वाटेने येतो. ती वाट प्रवाह आखतो. प्रवाह थांबला की वाट पुसली जाते.

म्हणूनच पाणी फिरलं की तुमची जागाही फिरली पाहिजे. ओहोटीत आमिषाचा वास खालच्या अंगाला जातो, म्हणून मासा जिथे असेल असं वाटतं त्याच्या वरच्या अंगाला गळ टाकायचा. भरतीत नेमकं उलट. भरतीलाही मासा लागतो, पण इथे ती नदीच्या प्रवाहाविरुद्ध येते. चढायला सुमारे ५ तास, उतरायला ७ हून अधिक. धार मिळते ती ओहोटीलाच.

आमिष म्हणून कोंबडीची कलेजी चालते, पण धारेत ती गळावरून सुटून जाते. मी बंकर नावाच्या तेलकट माशाचे तुकडे लावतो, आपल्या तारलीच्या कुळातला मासा आहे. गळ गोल वाकाचा घ्या आणि काठी हिसकू नका. मासा वळून चालू लागला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. घशात गेलेला गळ काढताना मासा मरतो, आणि ते मला बघवत नाही.

धरताना जपा. पाठीवर एक आणि दोन्ही अंगांना एकेक काटा असतो, तो ताठ होऊन अडकतो. शिंगाळ्याचा काटा ज्याच्या हातात गेलाय त्याला वेगळं सांगायला नको. छातीच्या काट्यांमागे बोटं घालून धरा. शेपटी खोल दुभंगलेली असेल आणि पोटामागच्या पराची कड गोलसर असेल, तर तो चॅनेल कॅटफिश. ती कड सरळ कापल्यासारखी असेल तर ब्लू कॅटफिश. पांढुरका, रुंद डोक्याचा व्हाइट कॅटफिश मात्र इथला मूळचा. चॅनेल कॅटफिश या नदीत माणसाने आणून सोडलेला आहे.

आता दुसरा प्रश्न, जो बायका आवर्जून विचारतात: "कालवण होतं का?" या पाण्यातल्याचं करू नका. पीसीबी नावाची रसायनं इथल्या गाळात अजून आहेत. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, पण ती विरत नाहीत आणि तळाशी चरणाऱ्या माशाच्या चरबीत साठतात. नदीकाठच्या राज्यांनी इथले मासे खाण्याबाबत इशारे दिलेले आहेत, ते वाचा. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर विषयच नको. कालवणासाठी मिसिसिपी-अलाबामाच्या तळ्यांत पाळलेला हाच मासा दुकानात मिळतो. तिरफळं घाला, कोकम घाला, छान होतं.

मी धरलेला प्रत्येक मासा परत सोडतो. जूनमध्ये तर पटकन सोडतो, कारण त्या दिवसांत नर एखाद्या बिळात अंडी राखत असतो. तो इथे दोरीवर अडकला तर तिकडे अंड्यांजवळ कोणीच नसतं.

येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. भरतीची वेळ बघून सांगतो.