कोब्राची रेप्लिका, झाडूचा दांडा आणि माझी गिरकी

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राकडे कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नक्कल, आहे. ओरिजिनल नाही हो, ओरिजिनल बनल्याच हजाराच्या आसपास. कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने १९६२ मध्ये एसी नावाच्या कंपनीच्या छोट्याशा इंग्लिश गाडीत फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवलं आणि तिथून हे वेड सुरू झालं, आता जगात रेप्लिकाच किती तरी पटीने जास्त फिरतायत. फायबरग्लासची बॉडी, खाली शिडीसारखी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, आणि पुढे हे एवढं मोठं इंजिन. ट्रॅक डेला, म्हणजे आपापली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, तो ही गाडी घेऊन येतो आणि यावेळी मला म्हणाला, चल, दोन सेशन तू मार. मी काय नाही म्हणणार होतो का!

पहिलं सेशन मस्त गेलं, आणि तिथेच घोळ झाला, कारण पहिलं नीट गेलं की दुसऱ्यात माणूस शहाणा होतो. एक लांबलचक उजवं वळण आहे, तिथे मी तिसऱ्या गिअरमध्ये जरा जास्तच वेगात शिरलो, अर्ध्या वळणात लक्षात आलं की हे काही जमत नाहीये, आणि घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय सटकन काढला. झालं. मागची बाजू अशी सुटली की पुढच्या काचेतून मला आम्ही जिथून आलो तो रस्ता दिसायला लागला. सुदैवाने "गाडी फिरली की दोन्ही पाय खाली" एवढं डोक्यात होतं, क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले, आणि गवतात उलट्या तोंडाने जाऊन थांबलो. इंजिन चालू, छाती धडधडतेय, सगळीकडे रबराचा वास.

पिटमध्ये आल्यावर इन्स्ट्रक्टर सरांनी एकच विचारलं, "पाय का उचललास?"

आता उत्तर सोपं आहे, भीती वाटली म्हणून. पण गाडीला तुमची भीती कळत नाही, तिला फक्त वजन कळतं. पाय काढला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि वळणात ग्रिप आधीच संपत आलेली असते, मग मागच्या चाकांना धरायला काही उरतच नाही. रोजच्या नव्या गाडीत हीच चूक केली तर स्टॅबिलिटी कंट्रोल गुपचूप एखाद्या चाकाला ब्रेक लावून तुम्हाला सरळ करतो आणि तुम्हाला वाटतं आपण भारी चालवतो. या गाडीत तो नाही, ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, काहीच नाही. वर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम ९० इंच, म्हणजे पावणेतेवीसशे मिलिमीटर, त्यामुळे एकदा फिरायला लागली की भोवऱ्यासारखी फिरते, उलटं स्टेअरिंग मारायला वेळच मिळत नाही. आणि मारलंच तर ते वेळेत परत सरळ करावं लागतं, नाही तर टायर पकडतात तेव्हा गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते, तीच भिंतीची बाजू निघते बहुतेक वेळा.

सरांचं म्हणणं, वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. आत शिरताना ब्रेक एकदम सोडायचा नाही, स्टेअरिंग जसजसं वळेल तसतसा हळूहळू सोडायचा, आणि मग ॲक्सिलरेटरवर थोडासा पाय ठेवून गाडी स्थिर ठेवायची. वेग जास्त झालाच तर पाय थोडा हलका करायचा, झटक्यात काढायचा नाही. आणि दोन चाकं बाहेर गवतात गेलीच तर हिसका देऊन परत आणायची नाहीत, सरळ बाहेर जाऊ द्यायची. हे मला आधीही माहीत होतं म्हणजे, कोणी विचारलं असतं तर पाठ म्हणून दाखवलं असतं. पायाला मात्र माहीत नव्हतं.

मग मित्र टायर बघायला वाकला. नक्षी एकदम नवी. पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात ना, ते २३१४ निघाले. म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर! अशा गाड्या वर्षातून हजारभर किलोमीटर पण चालत नाहीत, टायर झिजत नाही, नुसता वाळून कडक होतो, आणि मालक नक्षी बघून खूश. चूक माझीच होती, पण या टायरांनी तिला हातभार लावला एवढं नक्की. ब्रेक ऑइल पण कधी बदललं ते त्याला आठवेना. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० डिग्री सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषून घेतलं की ते १५५ पर्यंत खाली येऊ शकतं, आणि ट्रॅकवर ब्रेक तापायला असा किती वेळ लागतो! ऑइल उकळलं की ब्रेक लागतच नाही.

खरा घाम मला यानंतर फुटला. सर झाडू घेऊन आले. मी हेल्मेट घालून, बेल्ट बांधून सीटवर, आणि त्यांनी झाडूचा दांडा माझ्या मागच्या क्रोमच्या रोल बारवरून (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळीची कमान) पुढे डॅशबोर्डच्या वरच्या कडेवर टेकवला. काचेची फ्रेम हिशोबात धरायची नाही म्हणाले, गाडी उलटली की ती पहिल्यांदा जाणार. दांडा कुठे आला असेल? माझ्या भुवईवर. हेल्मेट त्या रेषेच्या निदान दोन इंच खाली पाहिजे, माझं अर्धं डोकं वर! आणि तो चकचकीत बार चासीला वेल्ड केलेलाच नव्हता, पातळ पत्र्यावर चार बोल्टांनी उभा, मागे तिरका आधार नाही. फोटोत मात्र जबरदस्त दिसतो.

गंमत म्हणजे त्याने बेल्ट चांगल्यातला चार पॉइंटचा रेसिंग हार्नेस लावला होता. साध्या बेल्टमध्ये निदान माणूस बाजूला कलंडतो, हार्नेस तुम्हाला ताठ बसवून ठेवतो, मग गाडी उलटली की रोल बारचं काम आपलं डोकं करतं. त्यात खांद्यावरचे पट्टे सीटमागे सरळ खाली जमिनीला अडकवलेले, म्हणजे धडकेत ते खांदे खाली दाबणार आणि मार मणक्यावर. पट्टे खांद्यापासून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत, फार तर वीसेक डिग्री खाली. आणि पायांमधून येणारे पट्टे नसतील तर कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि माणूस खालून सरकतो.

लोक म्हणतात चासी दणकट आहे, काही होत नाही. अहो, दणकट आहे हाच तर प्रॉब्लेम. ताशी ५० किलोमीटरला धडकलात आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळला तर शरीराला साधारण १६ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सोळापट जोर, बसतात, २० सेंटिमीटरच चुरगळला तर जवळपास ५०. फायबरग्लास फुटून उडतं, खालची शिडी हलत नाही, आणि उरलेलं सगळं बेल्टमार्फत तुमच्याकडे येतं. शरीर बेल्टने थांबतं, डोकं थांबत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या रेसमध्ये नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. डोकं धरून ठेवणारं हान्स नावाचं, खांद्यावर बसून हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेलं साधन तोवर बाजारात होतं, रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंगने ऐंशीच्या दशकातच त्यावर काम सुरू केलं होतं, पण बरेच ड्रायव्हर घालायला तयार नव्हते. नॅसकार या अमेरिकन रेसिंग संस्थेने डोकं-मान धरणारं असं साधन त्याच वर्षी सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने हान्स २००३ पासून. आमच्या मित्राने इंजिनवर केलेल्या खर्चाच्या मानाने हान्सचा खर्च काहीच नाही, तरी त्याच्याकडे नव्हतं, आणि माझ्याकडे पण नव्हतं, उगाच शहाणपणा कशाला.

दोन महिने गाडी उभी राहिली. आता नवा बार थेट चासीच्या मुख्य नळ्यांना वेल्ड केलाय, मागे दोन आधार, मध्ये एक तिरका, वर कडक पॅडिंग. सीटखालची गादी काढून सीट खाली घेतली. सहा पॉइंटचा हार्नेस, पट्टे बारच्याच आडव्या नळीला. टायर नवे, ऑइल नवं. परवा परत दांडा लावला तर हेल्मेटच्या वर तीन बोटं मोकळी. मित्राचं मात्र तोंड वाकडं, म्हणतो पार उंटासारखी दिसायला लागली गाडी.

जुना क्रोमचा बार त्याने फेकला नाही. घरी बाथरूमच्या बाहेर लावलाय, टॉवेल वाळत घालायला.