पिचर दमला, पण त्याच्या जागी कोण?

‘आऊट ऑफ द पार्क बेसबॉल’ ही सिम्युलेशन गेम १९९९ पासून चालत आली आहे, आणि क्रिकेट पाहत मोठे झालेले जे मित्र ती नव्याने खेळू लागतात, ते मला हमखास विचारतात की पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) नेमके कधी काढायचे. माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. माऊंडवरचा (चेंडू टाकण्याच्या उंचवट्यावरचा) पिचर दमला आहे हे स्क्रीनवर दिसतेच. पण त्याच्या जागी येणारा किती ताजा आहे आणि उद्याच्या सामन्यासाठी मागे कोण उरतो, हा विचार मॅनेजरला स्वतःच करावा लागतो.

क्रिकेटमध्ये जलद गोलंदाजाला सहा षटकांनंतर विश्रांती देऊन चहापानानंतर पुन्हा गोलंदाजीला आणता येते. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. शिवाय मेजर लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा, म्हणजे जवळपास रोज एक सामना, आणि २६ जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त १३. त्यांपैकी पाच स्टार्टर पाळीपाळीने सामना सुरू करतात. उरलेल्या आठ रिलीव्हरांचे, म्हणजे स्टार्टरच्या जागी येणाऱ्या पिचरांचे, बुलपेन मात्र रोज लागते. त्यामुळे आज वापरलेल्या प्रत्येक रिलीव्हरचा हिशेब उद्या आणि परवाही चुकवावा लागतो.

प्रत्यक्ष बेसबॉलमध्ये या निर्णयाच्या दोन्ही बाजू मोठ्या मंचावर दिसल्या आहेत. २००३ मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात, नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये, बोस्टन ५-२ ने पुढे असताना त्यांचा पिचर पेद्रो मार्टिनेझ थकत चालला होता. मॅनेजर ग्रेडी लिटल माऊंडवर जाऊन त्याच्याशी बोलले आणि त्यालाच ठेवून परतले. प्रतिस्पर्धी यांकीजनी बरोबरी साधली व जादा खेळात, ११व्या इनिंगमध्ये, सामना जिंकला. याच्या अगदी उलट घटना २०२० च्या वर्ल्ड सिरीजमधली, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेतली. सहाव्या सामन्यात टॅम्पा बेचे मॅनेजर केविन कॅश यांनी फक्त दोन हिट (फलंदाजाला बेसवर पोहोचवणारे फटके) दिलेल्या पिचर ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंनंतर काढले. लोक अजूनही स्नेलला काढण्यावरच वाद घालतात, पण मला अधिक बोलकी वाटते ती पुढची गोष्ट: त्याच्या जागी आलेल्या निक अँडरसनने आधीच्या सलग सहा खेपांत धावा दिल्या होत्या. त्याच इनिंगमध्ये प्रतिस्पर्धी डॉजर्सनी आघाडी घेतली आणि सामना ३-१ ने जिंकला.

आता गेममधला प्रसंग घ्या. सहावी इनिंग आहे, तुम्ही दोन धावांनी पुढे आहात, स्टार्टरचे ८८ चेंडू झाले आहेत आणि प्रतिस्पर्ध्यांचा पहिला फलंदाज तिसऱ्यांदा समोर येतो आहे. क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, सलग दोन दिवस खेळला आहे, आठवी इनिंग सांभाळणाऱ्याने काल ३१ चेंडू टाकले आहेत, आणि स्टॅमिना बरा असलेला लाँग रिलीव्हर तीन दिवस बसून आहे. नवखा मॅनेजर येथे रेटिंग पाहून सर्वांत चांगल्या पिचरकडे हात नेतो. मी लाँग रिलीव्हरला आणतो आणि त्याच्याकडून दोन इनिंग काढून घेतो, कारण दमलेल्या पिचरचे कागदावरचे रेटिंग माऊंडवर तसेच उतरत नाही. क्लोजरला त्या रात्री हातही लावत नाही. एखादा सामना यामुळे हातचा जाईल, आणि ते मला मान्य आहे.

आठ धावांनी पुढे किंवा मागे असताना मात्र विचार करत बसू नये. बुलपेनमधला सर्वांत कमी महत्त्वाचा पिचर आणावा आणि मार पडला तरी त्यालाच खेळवावे.

स्टार्टरच्या बाबतीत गेममधली रोटेशनची (स्टार्टरच्या पाळ्यांची) सेटिंग नीट पाहणे आवश्यक आहे. ठरलेला क्रम काटेकोर पाळायचा, की सर्वांत ताज्या स्टार्टरला संधी द्यायची, हे तेथे ठरते. वेळापत्रकात सुट्टीचा दिवस आला की पाचव्या, कमकुवत स्टार्टरला वगळून पहिल्याला लवकर आणण्याचा मोह होतो. एप्रिलमध्ये मी तसे करतोही, पण जुलैनंतर क्रम तसाच ठेवतो, म्हणजे पाचही जणांना एकेक दिवस जास्त विश्रांती मिळते आणि ते सातव्या इनिंगपर्यंत टिकले की बुलपेनचाही भार हलका होतो.