पाठ समुद्राकडे, नजर कातळाकडे

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा समुद्राच्या मर्जीने चालते. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असे दर्शन घ्यावे, देवळामागच्या टेकडीच्या पायऱ्या चढाव्यात, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून खाली उतरावे आणि डोंगराचा पायथा व लाटा यांच्यामध्ये उघड्या पडलेल्या कातळावरून वळसा घालून परत देवळापाशी यावे, असा हा मार्ग आहे. भरतीच्या वेळी हा कातळ पाण्याखाली असतो आणि तेव्हा श्रद्धा कितीही असली तरी प्रदक्षिणा होत नाही. हट्टाने गेलेल्या माणसांना लाटांनी ओढून नेल्याच्या घटना इथे घडलेल्या आहेत. देवाला प्रदक्षिणा घालायची तर आधी पाण्याची वेळ विचारावी लागते, ही अट मला मनापासून आवडते.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक आता मोबाइलवर मिळते, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही उपयोगी पडतो. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. चंद्र रोज साधारण ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, आणि तेच सरकणे या हिशेबात पाऊण तासाचे धरलेले आहे. मात्र नुसती वेळ कळून भागत नाही, कारण प्रत्येक ओहोटी सारखीच खोल नसते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, पाणी भरपूर चढते आणि तितकेच लांब मागे जाते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोन्ही ओढी एकमेकींना आडव्या येतात आणि पाणी जेमतेम हलते, तो भांग. उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वरखाली होते आणि गोव्यापर्यंत जाता जाता हा फरक जवळपास निम्म्यावर येतो. ज्याला कातळ खरोखर पाहायचा आहे त्याने पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरावी. तेव्हा सकाळी साडेसात-साडेआठच्या सुमारास पाणी खूप मागे गेलेले असते आणि ऊनही कोवळे असते.

मी अशाच एका तृतीयेला घळीतून खाली उतरले. इथे आलेला जवळजवळ प्रत्येक जण करतो तेच मीही आधी केले, म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. समोर सावित्रीचे मुख, पलीकडे बाणकोटचा किल्ला आणि त्यापुढे कासवांमुळे नावारूपाला आलेले वेळास, असा तो देखावा आहे. तो सुंदर आहे, याबद्दल वादच नाही. परंतु माझे मत असे झाले आहे की खडकाळ किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभे राहिल्याशिवाय तो किनारा दिसत नाही. जे घडायचे ते पाठीमागच्या भिंतीवर आणि पायाखाली, वीतभर अंतरात घडत असते.

भिंतीचेच पाहा. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचत गेले; त्याच थरांचे हे पश्चिमेकडचे टोक. हातोडीला दाद न देणारा हा खडक हरिहरेश्वरला मात्र मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार झालेला आहे. असंख्य खळगे, काही बोट मावेल एवढे तर काही मूठ मावेल एवढे, आणि त्यांच्यामध्ये पातळ कडा. हे लाटांच्या तडाख्यांनी झाले असावे असे पाहताक्षणी वाटते, पण या जाळीत मोठा वाटा मिठाचा आहे. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जाते, मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढू लागतात आणि खडकाचे कण आतून सुटे करतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल अधिक टिकते, मीठ अधिक साचते, आणि खळगा खोल होत जातो. लाटेचा आवाज आपल्याला ऐकू येतो म्हणून श्रेय तिलाच देण्याची घाई होते. मिठाचे काम लाट ओसरल्यावर, कोरड्या वेळात चालते. माझ्या ओळखीतली कितीतरी नाती आणि काही संस्थाही अशाच रीतीने, मोठे भांडण न होता, कोरड्या काळात पोखरल्या गेल्या, हे तिथे हात फिरवताना मनात आल्यावाचून राहिले नाही.

मग मी खाली बसले. कातळावर जीवांचे आडवे पट्टे असतात आणि ते एकदा ओळखता आले की भरतीची रेषा वेगळी शोधावी लागत नाही. सर्वांत वर, जिथे फक्त तुषार पोहोचतात, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी फटींमध्ये दाटीने बसलेल्या असतात. त्या आपल्या कवचाचे झाकण लावून घेतात आणि पाण्यावाचून दिवसच्या दिवस काढू शकतात. त्याखाली पांढरट, खरखरीत बार्नेकल या कवचधारी प्राण्यांचा थर, त्याखाली कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, आणि अगदी खाली, उधाणाच्या ओहोटीलाच उघड्या पडणाऱ्या भागात शेवाळे, स्पंज आणि फुलासारखे दिसणारे प्राणी, म्हणजे समुद्रफुले. वरचा पट्टा खालच्यापासून काही वेळा हातभरही दूर नसतो, पण वरच्याला खाली नेऊन सोडले तर त्याला कोणी तरी खाईल आणि खालच्याला वर आणले तर तो वाळून मरेल. वरची हद्द ऊन ठरवते आणि खालची हद्द बहुधा शेजारी ठरवतात.

बार्नेकल हा प्राणी खेकड्या-कोळंब्यांच्या नात्यातला आहे हे त्याच्याकडे पाहून कुणालाही खरे वाटणार नाही. लहानपणी त्याची अळी पाण्यात मोकळी फिरते. मग ती खडकावर जागा शोधते, शक्यतो जिथे आपले जातभाई आधीच वसले आहेत तिथेच, कारण पुढे हलता येणार नाही आणि शेजार जवळ नसेल तर वंश चालणार नाही. जागा पसंत पडली की ती डोक्याच्या बाजूने खडकाला कायमची चिकटते, भोवती चुनखडीचे घर बांधते आणि उरलेले आयुष्य पाय पाण्यात हलवून अन्न तोंडाकडे ओढण्यात घालवते. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या प्राण्याच्या अभ्यासाला दिली. उत्क्रांतीची कल्पना खिशात असताना माणूस आठ वर्षे बार्नेकल का पाहत बसला, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. भिंग घेऊन पाण्याच्या खळग्यातले बार्नेकल दहा मिनिटे पाहिल्यावर, घराचे दार उघडून पिसासारखे पाय एका लयीत बाहेर-आत होताना दिसल्यावर, तो प्रश्न उरला नाही.

त्याच्या शेजारी राहणारे लिंपेट, म्हणजे शंकूच्या आकाराचे कवच असलेले गोगलगायीचे भाऊबंद, याच्या उलट वागतात. भरती आली की ते शेवाळ खरवडत हिंडतात आणि त्यांच्या अनेक जाती ओहोटीपूर्वी नेमक्या आपल्याच जागेवर परततात. वर्षानुवर्षे तिथेच बसल्याने कवचाची कड आणि खडकाचा खड्डा एकमेकांत चपखल बसतात, आतली ओल टिकते आणि दुपारचे ऊन निभावते. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये लिंपेटच्या दातांची ताकद मोजली, तेव्हा जिवंत सृष्टीतल्या तोवर मोजलेल्या सर्व पदार्थांमध्ये ते सर्वांत मजबूत ठरले. ज्या खडकावर आपण पाय टाकताना चाचपडतो, तो हे प्राणी रोज दातांनी खरवडतात.

थोड्या अंतरावर एक मावशी कालवे काढत होत्या. कमरेला घट्ट खोचलेले लुगडे, एका हातात टोकदार लोखंडी हत्यार, दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमचे भांडे. कालवाची एक शिंपली खडकाला घट्ट जोडलेली असते. त्या फक्त वरची शिंपली एका टिचकीने उडवत, बोटाने मांस अलगद भांड्यात घेत आणि पुढच्या कालवाकडे वळत. खालची शिंपली खडकावरच राहत होती. लहान कालवांना त्या हातही लावत नव्हत्या. मी विचारले तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, “ताई, आता दोन-तीन दिवस पाणी चांगलं सुकंल. भांग लागला की हितं येऊन काय उपेग नाय.” जुनी शिंपली खरवडून का टाकत नाही, यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिले. “तिच्यावरच नवं धरतं ना!” कालवांची पिल्ले जुन्या शिंपल्यांवर बसणे पसंत करतात, हे प्राणिशास्त्राच्या पुस्तकातही लिहिलेले आहे. पुस्तकात नसलेली गोष्ट म्हणजे त्यांचे पाय. हिरव्या शेवाळावर त्या एकदाही पाऊल टाकत नव्हत्या. बार्नेकलच्या खरखरीत थरावरून चालत आणि दर चार-पाच कालवांनंतर पाण्याकडे एक नजर टाकत. समुद्राकडे पाठ करावी हे माझे म्हणणे त्यांना अर्धेच मान्य झाले असते.

खळग्यांत साचलेल्या पाण्यात शंख पाठीवर घेतलेले खेकडे होते, मिटलेली आणि उमललेली समुद्रफुले होती. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दगड उलटून पाहिला तर तो पुन्हा होता तसाच पालथा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात तासाभरात मरतात. प्रवाळ आणि समुद्रकाकडी या प्राण्यांना तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे आठवण म्हणून तुकडा खिशात घालणे हा गुन्हा ठरतो. प्रदक्षिणेच्या वाटेवर नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीची वेष्टने आणि पाण्याच्या बाटल्या मात्र बिनदिक्कत पडलेल्या असतात. तीर्थांना हात लावून नमस्कार करायचा आणि त्याच तीर्थात बाटली सोडायची, ही श्रद्धा मला कळत नाही.

पाणी वळले की मावशी सर्वांत आधी निघाल्या. लाटेचा पहिला पातळ पदर खळग्यांच्या कडेवर आला तेव्हा त्या देवळाकडच्या वाटेला लागल्या होत्या, आणि मीही त्यांच्या मागोमाग निघाले, कारण परतीची वाट कातळावरूनच आहे आणि ती मधूनच तुटते. ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळ्याचे चार महिने टाळावेत, दिवाळीनंतरची द्वितीया-तृतीया पाहावी, पायात घट्ट बसणारे बूट आणि हातात साधे दहापट भिंग घ्यावे, आणि ओहोटीच्या वेळेआधी तासभर उतरून पाणी वळताच वर यावे. देवळापाशी वेळेबद्दल कोणी स्थानिक थांबवले तर त्याच्याशी वाद घालू नये. मोबाइलवरचे वेळापत्रक जवळच्या बंदराचे असते आणि वाऱ्यामुळे पाणी त्याआधीही चढते.